ओ-३२० चं फुल इंजिन काम : सात महिन्यांची नोंद

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या छोट्या विमानतळावर विमानाची वार्षिक तपासणी चालू होती. मेकॅनिकनी ऑइल फिल्टर कापला, आतला चुण्यांचा कागद सोडवून पांढऱ्या फडक्यावर पसरला आणि मला हाक मारली. चुण्यांमध्ये धातूची बारीक कूस चमकत होती. पिशवीत गुंडाळलेलं चुंबक त्यांनी वरून फिरवलं तशी ती चटकन चुंबकाला चिकटली. म्हणजे हे ॲल्युमिनियम नव्हे, पोलाद. इंजिनात कुठंतरी पोलाद झिजत होतं.

विमान १९७५ चं सेस्ना १७२ एम. २०१५ पासून आम्हा तिघांच्या मालकीचं. इंजिन लायकॉमिंग ओ-३२०-ई२डी, १५० अश्वशक्तीचं. पुढचे सात महिने या इंजिनाभोवती गेले. सुरुवातीला मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते इथं लिहून ठेवतोय. मराठी मंडळात विमान चालवणारे बरेच भेटतात, आणि इंजिन खोलायची वेळ आली की प्रत्येकाच्या पोटात तसाच गोळा येतो.

माझं थोडं वेगळं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रीबोअरिंगचं वर्कशॉप होतं. क्रँक, बोअर, लाइनर, थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हे शब्द मी शाळेच्या धड्यांआधी ऐकले. तरीही फडक्यावरची ती कूस बघून माझे हात गार पडले. ट्रॅक्टरचं इंजिन बंद पडलं तर ट्रॅक्टर शेतात उभा राहतो.

आधी या इंजिनाच्या घराण्याची ओळख करून देतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातूनच आले. लायकॉमिंगचा कारखाना याच राज्यात, विल्यम्सपोर्टला आहे. शिवणयंत्रं आणि सायकलींपासून सुरुवात झालेली ही कंपनी १९२९ मध्ये विमानाच्या इंजिनांकडे वळली. नावातला ‘ओ’ म्हणजे सिलिंडर समोरासमोर आडवे, आणि आकडा म्हणजे घन इंचातली क्षमता. ३२० घन इंच म्हणजे सुमारे ५.२ लिटर, तेही फक्त चार सिलिंडरमध्ये. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, तब्बल १३० मिलिमीटर. तोच बोअर ठेवून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, वाढवला की ओ-३६०, आणि त्याला आणखी दोन सिलिंडर जोडले की ओ-५४०. ओ-३२० ला प्रमाणपत्र मिळालं १९५३ मध्ये. आज आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलमध्ये दिसणाऱ्या सेस्ना १७२ एसमध्ये याच घराण्यातलं आयओ-३६० असतं. तिथला ‘आय’ इंधन इंजेक्शनचा.

पाणी नाही, रेडिएटर नाही, दात्यांचा गिअरबॉक्स नाही. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, टोकालाच पंखा (प्रोपेलर). पूर्ण जोर २७०० फेऱ्यांना. स्पार्कसाठी स्वतःच वीज बनवणारे दोन मॅग्नेटो, म्हणजे विमानाची बॅटरी मेली तरी इंजिन चालत राहतं. अण्णांना पहिल्यांदा फोटो पाठवले तेव्हा ते म्हणाले होते, “हे तर आपल्यातलंच आहे की रे.”

तर, कूस. त्या दिवशी कॉम्प्रेशन घेतलं होतं. इथं ८० पाउंड दाबाची हवा आत सोडतात आणि किती टिकते ते बघतात. चारही सिलिंडर ७४ ते ७६. उत्तम. बोअरस्कोपनं, म्हणजे आत घालायच्या बारीक कॅमेऱ्यानं, व्हॉल्व्ह आणि भिंती पाहिल्या, त्याही स्वच्छ. मला वाटलं, मग घाबरायचं कशाला? मेकॅनिक म्हणाले, “या आकड्यांत कॅम दिसत नाही.”

हे वाक्य मी नंतर वहीत लिहून ठेवलं. कॉम्प्रेशन म्हणजे रिंगा आणि व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, म्हणजे कॅमशाफ्टचं, पोट झिजलं तरी व्हॉल्व्ह बंद होतोच, फक्त कमी उघडतो. कॉम्प्रेशन छान येतं आणि विमान चढायला मात्र आळस करतं. मागे वळून पाहिल्यावर आठवलं, त्या उन्हाळ्यात आम्ही तिघंही म्हणत होतो, यंदा गरमी जास्त आहे, विमान चढत नाही.

तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. खर्च चाळीसेक डॉलर, वाट बारा दिवस. मध्ये खंडेनवमी आली. अण्णांनी व्हिडिओ कॉलवर वर्कशॉपमधली जुनी बोअरिंग मशीन दाखवली. फुलं, हळदकुंकू, बाजूला मायक्रोमीटरची डबी. आता वर्कशॉप दुसरं कुणी चालवतं, पण त्या दिवशी ते जातातच. मी त्यांना कुसीबद्दल सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “गाडी उभी किती दिवस होती?”

२६ ऑक्टोबरला अहवाल आला. लोखंडाचं प्रमाण आधीच्या नमुन्यांच्या चौपट.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. २०२० मध्ये विमान जवळजवळ आठ महिने उभं होतं. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकच्या वर बसतो. इंजिन बंद झालं की तेल हळूहळू निथळून खाली जातं आणि सगळ्यात आधी कोरडा पडतो तो कॅम. दमट हँगरमध्ये त्यावर गंज धरतो. पुढं इंजिन सुरू केलं की गंजाच्या खड्ड्यांवरून टॅपेट, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारा भाग, घासतो आणि पृष्ठभागाचे पापुद्रे निघायला लागतात. त्या आठ महिन्यांत आम्ही महिन्यातून एकदा जाऊन दहा मिनिटं इंजिन जमिनीवर चालवत होतो. काळजीपोटीच. पण दहा मिनिटांत तेल नीट तापत नाही. जळणाऱ्या पेट्रोलचं पाणी तेलात मिसळतं आणि वाफ होऊन बाहेर पडत नाही. जपत होतो असं वाटत होतं आणि आत पाणी घालत होतो. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. उडवता येणार नसेल तर सुरूच करू नका. आत गंजरोधक तेल फवारून, प्लगच्या जागी ओलावा शोषणारे दाणे भरलेले प्लग लावून ठेवा.

४ नोव्हेंबरला एक सिलिंडर काढून आत बॅटरीचा झोत टाकला. कॅमचं एक पोट टोकाला गोल झालं होतं. समोरच्या टॅपेटच्या तोंडावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. नुसते टॅपेट बदलून भागेल का, असं मी विचारलं. भागत नाही. या मॉडेलमध्ये टॅपेटचं डोकं छत्रीसारखं रुंद असतं आणि ते आतून बसवलेलं असतं. क्रँककेसचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय ते निघतच नाही. म्हणजे एका टॅपेटसाठी अख्खं इंजिन खोलायचं.

या टप्प्यावर एक सूचना, जी मेकॅनिकनी मला तीनदा दिली: सिलिंडर काढलेला असताना पंखा हातानं फिरवू नका. सिलिंडरचे काही बोल्ट केसच्या आरपार जातात आणि मेन बेअरिंगही तेच दाबून धरतात. ते सैल असताना क्रँक फिरली तर बेअरिंगची पाकळी जागेवरून सरकू शकते.

आमच्या इंजिनाचे आधीच्या ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण खोलून केलेल्या कामानंतर, १,६४० तास झाले होते. लायकॉमिंगची शिफारस २,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते. तास शिल्लक होते, पण ओव्हरहॉल २००४ चं, म्हणजे एकोणीस वर्षं उलटलेली. स्वतःच्या वापराच्या विमानाला इथं ही मर्यादा कायद्यानं बंधनकारक नाही. त्यामुळं आम्ही सगळे फक्त तास मोजत राहिलो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं भागीदार हँगरमध्ये बसलो. पर्याय तीन. पहिला, कारखान्यातून ‘रीबिल्ट’ इंजिन. त्याची लॉगबुक शून्यापासून सुरू होते, आणि तसा शून्य तासांचा शिक्का फक्त निर्माता किंवा त्यानं मान्यता दिलेली संस्थाच देऊ शकते. विक्रेत्यानं सांगितलेला भाव ४० हजार डॉलरच्या पुढं, शिवाय आपलं जुनं इंजिन परत द्यायचं. दुसरा, ओव्हरहॉलच्या दुकानात इंजिन पाठवायचं: ३२ हजार आणि आठ महिने. तिसरा, सुटे भाग वेगवेगळ्या प्रमाणित दुकानांतून तपासून आणायचे आणि इंजिन आपल्या मेकॅनिकनी इथंच बांधायचं. त्यांचा अंदाज २२ हजार.

अमेरिकेच्या नियमात परवाना नसलेला माणूसही परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली काम करू शकतो. अट अशी की ते प्रत्यक्ष हजर हवेत, काम बघायला हवेत, आणि सही त्यांचीच. मी म्हटलं, हात माझे लावतो. बाकी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हो म्हणाले. मेकॅनिकनी होकार द्यायला दोन दिवस घेतले. सत्तरी ओलांडलेला माणूस. आयुष्यात अशी कितीतरी इंजिनं बांधलेली.

कामाला लागण्याआधी दोन कागद. विम्याच्या दलालाला कळवून पॉलिसी ‘फक्त जमिनीवर’ करून घेतली. सहा महिन्यांत साडेतीनशे डॉलर वाचले. आणि इंजिनला लागू असलेल्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे एफएए या अमेरिकी विमान नियामकाच्या सक्तीच्या आदेशांची यादी आधीच काढली. ही यादी खोलायच्या आधी हातात असेल तर कोणता भाग कशासाठी तपासून घ्यायचा ते दुकानाला पहिल्याच चिठ्ठीत सांगता येतं. नाहीतर भाग दोनदा पाठवावा लागतो.

२ डिसेंबरला इंजिन उतरवलं. पंखा, एक्झॉस्ट, हवेचे पत्रे, नळ्या, वायरी, कार्ब्युरेटर, मग चार माउंट बोल्ट. इंजिनला हात लावण्याआधी शेपटीखाली घोडा लावा. पुढचं शंभरावर किलोंचं वजन गेलं की विमान मागं बसतं. प्रत्येक नळी काढण्याआधी दोन फोटो, एक जवळून आणि एक लांबून. बोल्ट पिशव्यांत, पिशवीवर तारीख आणि जागा. पाच महिन्यांनी याच फोटोंनी आम्हाला वाचवलं.

केस उघडली तेव्हा मी अण्णांना कॉल लावून फोन स्टँडवर ठेवला होता. कोल्हापुरात मध्यरात्र झाली होती, पण ते जागे राहिले. दोन भाग वेगळे झाले तेव्हा सांध्यावर एक बारीक धागा चिकटलेला दिसला. लायकॉमिंगच्या केसच्या सांध्यात पॅकिंग नसतं. पातळ सीलंट आणि त्यावर रेशमाचा धागा. पॅकिंगच्या जाडीनं बेअरिंगचं माप बदललं असतं, रेशीम मात्र दाबलं की सांध्यात मुरून जातं. “रेशीम?” अण्णा म्हणाले. “खरं रेशीम?” त्यांनी आईला उठवून सांगितलं. पन्नास वर्षं इंजिनं बांधलेल्या माणसाला मी काहीतरी नवीन दाखवू शकलो, याचा मला आजही आनंद आहे.

३ जानेवारी २०२४ ला भाग रवाना केले. केस एका दुकानात, क्रँक दुसरीकडे, पिस्टन क्रँकला जोडणारे रॉड तिसरीकडे. क्रँकची चुंबकीय तपासणी होते. अदृश्य चिरेवर लोखंडाची भुकटी जमते आणि अतिनील दिव्याखाली चमकते. आमची सगळ्यात मोठी भीती क्रँकच्या पुढच्या पोकळीची होती. न वळणाऱ्या पात्यांच्या पंख्याबरोबर वापरलेल्या अशा क्रँकमध्ये आतून गंजाचे खड्डे पडून चिरा जाऊ शकतात. तिथं खड्डे निघाले असते तर नवी क्रँक, आणि आमचा सगळा हिशोब कोलमडला असता.

क्रँक ठीक निघाली. जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, हलकं पॉलिश करून तीन थाऊ कमी माप आलं. अण्णांना हे पटेना. त्यांच्याकडं क्रँक दहा, वीस, तीस, चाळीस अशी उतरत जायची. लायकॉमिंगमध्ये तीन, सहा, दहा, आणि खेळ संपला. क्रँकची कातडी नायट्राइड करून कडक केलेली असते. जास्त घासलं की ती कातडीच जाते.

कंटाळवाणा काळ आता सुरू झाला. केसच्या दुकानानं चार आठवडे सांगितले होते, लागले अकरा. दर आठवड्याला फोन, दर आठवड्याला “पुढच्या सोमवारी”. नवा कॅमशाफ्ट कुठंच शिल्लक नव्हता. शेवटी घासून नव्यानं आकार दिलेला, प्रमाणित टॅग (तपासणीची चिठ्ठी) असलेला कॅम आणि त्याबरोबर टॅपेट घेतले, २,३०० डॉलर. रॉड परत आले तर टॅगवरच्या भाग क्रमांकातला एक अंक चुकलेला. भाग बरोबर, कागद चूक. मला वाटलं, पेनानं दुरुस्त करतील. मेकॅनिकनी रॉड पुन्हा खोक्यात घालून बाजूला ठेवले आणि सुधारित टॅग येईपर्यंत तीन आठवडे हात लावला नाही. तेव्हा मी चिडलो होतो. आता सांगतो, खोकं उघडल्या क्षणी टॅग आणि भाग शेजारी ठेवून क्रमांक वाचा, त्याच दिवशी फोन करा. आम्ही खोकं नऊ दिवस तसंच ठेवलं होतं.

त्या काळात हँगरमध्ये गेलो की नाक उघडं पडलेलं विमान दिसायचं. भाडं दरमहा चालूच. फेब्रुवारीत एका भागीदारानं विमान विकायचा विषय काढला. मी त्याला काही बोललो नाही, कारण मलाही त्या आठवड्यात तसंच वाटत होतं.

२० मार्चला केस आली. लायकॉमिंगच्या एका सर्व्हिस बुलेटिनमध्ये ओव्हरहॉलला कोणते भाग डोळे झाकून बदलायचे याची यादीच आहे: रॉडचे बोल्ट, बेअरिंगं, सील, गॅस्केट, असं बरंच. ते ३,१०० डॉलरचं. चार नवे सिलिंडर ७,९००. इथं लाइनर बदलत नाहीत. पोलादी नळकांड्यावर ॲल्युमिनियमचं हेड तापवून आट्यांवर बसवलेलं असतं आणि तो एकच नग असतो.

१३ आणि १४ एप्रिल, मग पुढचा शनिवार-रविवार, इंजिन बांधलं. हे चार दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी आहेत. कॅमच्या पोटांवर काळं लुब्रिकंट बोटानं चोळलं. छत्रीचे टॅपेट दोन्ही केसमध्ये आधी बसवले. रेशीम लावायचं काम मेकॅनिकनी माझ्याकडं दिलं. सीलंटच्या पातळ थरावर, बोल्टच्या आतल्या बाजूनं, कुठंही न तुटता. माझ्या आईला वातीसाठी कापूस वळताना मी जसं बघितलं होतं तसं बोटात धरून मी तो धागा टेकवत गेलो. चाळीस मिनिटं लागली. ते घड्याळाकडं न बघता शेजारी उभे राहिले.

सिलिंडरचे मोठे नट आधी ३०० इंच-पाउंड, मग त्याच क्रमानं ६००. प्रत्येक नट आवळला की मी मोठ्यानं आकडा म्हणायचो आणि ते यादीवर खूण करायचे. टॅपेटमधलं तेल काढून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपाशी फट मोजली. ०.०२८ ते ०.०८० इंच यात बसली पाहिजे. इथं स्क्रू फिरवून फट जमवता येत नाही, टॅपेट आणि रॉकरमधला दांडा, पुशरॉड, वेगळ्या लांबीचा घ्यावा लागतो. आमचे दोन बदलावे लागले, आणि त्यांच्यासाठी पुन्हा पाच दिवस थांबलो. मॅग्नेटो २५ अंशांवर लावले.

११ मे. वरचे प्लग काढून स्टार्टरनं इंजिन फिरवलं, तेलाच्या दाबाचा काटा उठेपर्यंत. मग प्लग लावले. पहिल्यांदा सुरू केलं आणि तीन मिनिटांत बंद. नव्या रिंगा जमिनीवर फार वेळ चालवल्या तर सिलिंडरची भिंत चकाकते आणि रिंग बसत नाही, हे उद्यमनगरातही तितकंच खरं आहे. एका रॉकर कव्हरजवळ तेलाचा थेंब होता. गॅस्केट बदललं. बाकी कोरडं.

लॉगबुकची नोंद अर्ध्या पानाची झाली. कायद्यात ‘ओव्हरहॉल’ या शब्दाला अर्थ आहे: खोललं, स्वच्छ केलं, तपासलं, लागेल ते दुरुस्त केलं, बांधलं आणि चाचणी घेतली. यातलं एक जरी राहिलं तरी तो शब्द लिहिता येत नाही. कोणतं माप कोणत्या मर्यादेत, कोणता भाग कोणत्या टॅगचा, कोणता आदेश कसा पाळला, सगळं त्यात आहे. तुमचं काम संपलं की ही नोंद स्वतः वाचा आणि टॅग स्कॅन करून ठेवा. विमान विकताना खरेदीदार आधी हेच मागतो.

१८ मेला पहिलं उड्डाण. आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी भागीदारानं एकट्यानं केलं. सुरुवातीच्या उड्डाणात प्रवासी नको, आणि माझे तास कमी होते. विमानतळावरच घिरट्या, एक तास, ७५ टक्के जोरावर. नव्या इंजिनाला हळू चालवायचं नसतं. रिंगा दाबानंच बसतात. आम्ही खाली मान वर करून उभे होतो. तो उतरला, दार उघडलं आणि म्हणाला, “चढतंय.”

एकूण खर्च २६,०३० डॉलर. अंदाजापेक्षा चार हजार जास्त, बहुतेक सिलिंडर आणि मॅग्नेटोमुळं. दर तासाला १५ डॉलर बाजूला टाकत आलो होतो त्याचे १०,५०० जमा होते. उरलेल्याचा प्रत्येकी वाटा ५,१७७. आता तासाला २५ टाकतो.

पहिले पन्नास तास साधं मिनरल तेल वापरलं, कारण त्यात रिंगा लवकर बसतात. सुरुवातीला चार तासांत एक क्वार्ट (जवळजवळ एक लिटर) तेल जायचं, तिसाव्या तासाच्या सुमाराला दहा तासांत एक असं स्थिरावलं. खालचे प्लग दर पंचवीस तासांनी साफ करतो. हे इंजिन ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेलं, आणि आज मिळणाऱ्या १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये त्याच्या चौपट शिसं असू शकतं. ते खालच्या प्लगांवर बसतं.

गेल्या शनिवारी पन्नास तास पूर्ण झाले. फिल्टर मी कापला. फडकं पसरलं, चुण्या सोडवल्या, चुंबक फिरवलं, आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी मला चुंबक उलटं करून दुसरी बाजूही दाखवायला सांगितली.